भरलेलं मेमरी कार्ड बदलताना

जुनं कार्ड काढून नवं बसवायला दोन मिनिटं पुरतात. त्याआधीच्या तयारीला मात्र अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ वाचवायला गेलं की फोटो जातात. कुणी 'कट-पेस्ट' करतं आणि मध्येच केबल हलते. कुणी सगळं आलं असं समजून जुनं कार्ड लगेच फॉरमॅट करतं, आणि आठवड्याने बारशाचा व्हिडिओ उघडायला जावं तर फाइल शून्य केबीची निघते. म्हणून पहिल्यापासून एकच नियम धरा: नवं कार्ड भरून, तपासून, महिनाभर वापरून होईपर्यंत जुन्या कार्डावरची एकही फाइल पुसायची नाही.

इथे सांगितलेलं सगळं अँड्रॉइड फोनसाठी आहे. बटणांच्या फोनबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. आयफोनला मेमरी कार्डाची जागा नसते, गूगलच्या पिक्सेललाही नसते, आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेतून ती २०२१ च्या एस२१ पासून गेली.

कार्ड भरलंय की मरायला टेकलंय?

फोटो डिलीट केले तरी जागा मोकळी होत नाही, ही नेहमीची तक्रार. आजच्या बहुतेक गॅलऱ्या डिलीट केलेली फाइल 'ट्रॅश' किंवा 'बिन'मध्ये साधारण ३० दिवस ठेवतात आणि तोवर ती जागा अडवून बसते. आधी गॅलरीतला आणि फाइल मॅनेजरमधला ट्रॅश रिकामा करून बघा. कदाचित तेवढ्यावर काही महिने निघतील.

दुसरं लक्षण गंभीर आहे. फाइल डिलीट केली, फोन बंद करून चालू केला आणि ती पुन्हा हजर झाली, किंवा नवे फोटो काढताना दिसतात पण नंतर सापडत नाहीत, तर ते कार्ड भरलेलं नसून संपत आलेलं आहे. फ्लॅश मेमरीतल्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. ती मर्यादा ओलांडली की अनेक कार्डं स्वतःला फक्त वाचण्यापुरती चालू ठेवतात आणि नवं काही लिहून घेत नाहीत. असं कार्ड फॉरमॅट करून सुधारत नाही. आजच्या आज त्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. उद्या ते वाचूही देईल याची खात्री नाही.

कार्ड फोनला कसं जोडलंय ते बघा

ही पायरी सर्वात जास्त वेळा राहून जाते, आणि तिच्यामुळे होणारं नुकसान भरून निघत नाही.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड दोन प्रकारे वापरता येतं. 'पोर्टेबल' म्हणजे सुटं कार्ड. ते काढून संगणकात घातलं की फाइल दिसतात. 'इंटर्नल' म्हणून जोडलेलं कार्ड फोनच्या स्वतःच्या मेमरीचा भाग होतं. त्यावरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्या फोनमध्येच असते. ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात वाचता येत नाही. फोन फॅक्टरी रीसेट केला तर किल्ली पुसली जाते आणि कार्डावरचं सगळं कायमचं जातं.

ओळखायचं कसं? सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. कार्ड वेगळं दिसत असेल आणि त्यापुढे 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' (कार्ड सुरक्षितपणे सोडवण्याचं बटण) असेल, फाइल मॅनेजरमध्येही 'एसडी कार्ड' असा स्वतंत्र भाग असेल, तर ते सुटं आहे. फाइल मॅनेजरमध्ये कार्ड वेगळं दिसतच नसेल, किंवा कार्ड रीडरमध्ये घातल्यावर संगणक 'फॉरमॅट करा' असं विचारत असेल, तर ते इंटर्नल असण्याची शक्यता धरा. तिथे 'हो' म्हणू नका. कार्ड काढून फोनमध्ये परत घाला.

इंटर्नल कार्ड असेल तर आधी फोनमधली जागा मोकळी करा. फोन केबलने संगणकाला जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फोटो-व्हिडिओ संगणकावर उतरवून घ्या. मग सेटिंग्ज, ॲप्स या मार्गाने कार्डावर हलवलेलं एकेक ॲप उघडून स्टोरेजमधल्या 'चेंज'ने ते फोनवर आणा. शेवटी स्टोरेजमध्ये फोनची स्वतःची मेमरी उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतलं 'मायग्रेट डेटा' वापरा. हे पूर्ण झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नका. कार्ड आधी काढलं तर त्यावरची ॲप्स चालणार नाहीत, आणि नव्या कार्डावर ती आपोआप येणारही नाहीत.

सॅमसंगच्या काही फोनमध्ये आणखी एक कुलूप असतं: सुरक्षेच्या सेटिंग्जमधलं 'एन्क्रिप्ट एसडी कार्ड'. ते चालू असेल तर आधी तिथूनच बंद करा. मोठं कार्ड मोकळं व्हायला वेळ लागतो, म्हणून फोन चार्जरला लावूनच हे काम करा.

नवं कार्ड किती मोठं आणि कोणतं

फोनमध्ये लागतं ते मायक्रोएसडी: १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, नखाएवढं. क्षमतेनुसार त्याची नावं बदलतात. २ जीबीपर्यंत साधं एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, आणि त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. जुना फोन '३२ जीबीपर्यंत' म्हणत असेल तर ६४ चं घेऊ नका. ३२ पर्यंतची कार्डं फाइल ठेवण्याच्या फॅट३२ पद्धतीने मांडलेली असतात आणि त्यापुढची एक्सफॅटने, ही दुसरी मांडणी जुन्या फोनला वाचता येत नाही. नव्या फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर दिलेली कमाल क्षमता ओलांडू नका.

किती मोठं घ्यायचं ते व्हिडिओवर ठरतं, फोटोंवर नाही. फोनमधला साधा १०८०पी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो आणि ४के व्हिडिओ साधारण ३५० एमबी. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड १०८०पीने चार तासांत भरतं आणि ४केने दीड तासात. लग्नाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ काढत असाल तर ३२ वरून ६४ वर जाण्याऐवजी थेट १२८ घ्या. नाहीतर वर्षभरात हेच काम पुन्हा करावं लागेल.

६४ जीबीच्या कार्डावर फोन ५९.६ दाखवतो, १२८ वर ११९ च्या आसपास. ही फसवणूक नाही. कार्ड बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि अनेक फोन व संगणक १०२४ च्या पटीत, त्यातून हा फरक येतो.

वेगासाठी कार्डावरच्या खुणा बघा. इंग्रजी सी अक्षराच्या आत १०, किंवा यू अक्षरात १, म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. ४के व्हिडिओ थेट कार्डावर उतरवायचा तर यू३ किंवा व्ही३० घ्या, नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकतं. कार्डावर ॲप्स ठेवायची असतील तर ए१ किंवा ए२ ही खूणही हवी. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला 'सेकंदाला १०० एमबी' हा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. तो बघून कार्ड निवडू नका.

बनावट कार्ड, आणि भरून बघण्याची परीक्षा

बाजारात बनावट कार्डं भरपूर आहेत आणि ती दिसायला हुबेहूब असतात. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते, पण कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार बघणारा भाग, फोनला १२८ किंवा ५१२ सांगतो. सुरुवातीचे फोटो नीट राहतात, म्हणून शंका येत नाही. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं कुठेच उतरत नाही, किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. फाइलचं नाव दिसतं, पण उघडली तर फोटो अर्धा करडा. काही शे रुपयांत १ टीबी किंवा २ टीबी मिळत असेल तर ते याच जातीचं समजा. ऑनलाइन घेताना नामांकित कंपनीचं नाव पुरेसं नसतं, विकणारा कोण आहे तेही बघा.

नुसती क्षमता बघून हे कळत नाही. संपूर्ण कार्ड भरून परत वाचणं ही खात्रीची परीक्षा आहे. विंडोजवर त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. रिकामं कार्ड रीडरमध्ये घालून चाचणी लावा. सेकंदाला २० एमबीने १२८ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात, त्यानंतर वाचण्याचा वेळ वेगळा. रात्री लावून झोपा. ही चाचणी आपली एकही फाइल कार्डावर टाकण्याआधी करायची. चूक निघाली तर कार्ड परत करायला मुदतही शिल्लक असते.

फाइल उतरवणं

नवं कार्ड आधी फोनमध्ये घालून फोनकडूनच फॉरमॅट करून घ्या. म्हणजे त्या फोनला हवी तीच मांडणी होते. विचारलं तर 'पोर्टेबल' निवडा. फोनची स्वतःची मेमरी ३२ जीबी किंवा त्याहून कमी असेल आणि ॲप्सना जागाच उरत नसेल तरच इंटर्नलचा विचार करा, तोही वेगवान कार्डावर आणि बाकी सगळ्याची प्रत वेगळी ठेवून.

संगणक असेल तर फोन केबलने जोडून कॉपी करण्यापेक्षा जुनं कार्ड काढून रीडरमधून कॉपी करणं कितीतरी बरं. केबलवरची कॉपी हळू चालते, हजारो फाइल असल्या की मध्येच अडकते, आणि फाइलची तारीख बऱ्याचदा बदलते. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच नोंदलेली असते, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत ती उरत नाही. तिथे गॅलरी फाइलची तारीख धरते. म्हणून केबलने हलवलेले पाच वर्षांचे शुभेच्छांचे फोटो आजच आल्यासारखे सगळ्यात वर येऊन बसतात. रीडरमधून केलेल्या कॉपीत हा घोळ होत नाही.

कार्ड काढण्याआधी सेटिंग्ज, स्टोरेजमधून 'अनमाउंट' करा. मग रीडरमध्ये घालून संगणकावर एक नवं फोल्डर करा, त्याला तारखेचं नाव द्या, आणि कार्डावरचं सगळं निवडून कॉपी-पेस्ट करा. कट-पेस्ट नाही. डीसीआयएममध्ये कॅमेऱ्याचे फोटो असतात, पण तेवढंच घेऊन थांबू नका. रेकॉर्डिंग, डाऊनलोड, पिक्चर्स आणि ब्लूटूथने आलेल्या फाइलींची फोल्डरं लोक विसरतात, आणि एखाद्या आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग नेमकं तिथेच असतं.

'अँड्रॉइड' नावाचं फोल्डरही घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. त्यात ॲप्सनी ठेवलेला माल असतो. सिनेमाच्या ॲपमधून डाऊनलोड केलेले चित्रपट नव्या कार्डावर तसेच नेले तरी चालत नाहीत, ते पुन्हा डाऊनलोड करावे लागतात.

आता तपासणी. कार्डावरचं एक फोल्डर आणि संगणकावरचं तेच फोल्डर यांची 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या आणि 'साइझ'मधला बाइटचा पूर्ण आकडा जुळवा. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' जुळणार नाही, आणि तो जुळायलाही नको. प्रत्येक कार्ड आणि डिस्क जागा वेगवेगळ्या मापाच्या तुकड्यांत वाटते. लहान फाइलला अख्खा तुकडा लागतो, म्हणून तो आकडा ठिकाणानुसार बदलतो. आकडे जुळले तरी सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा-पंधरा मोठे व्हिडिओ उघडून पुढे सरकवून बघा.

मग संगणकावरून नव्या कार्डावर तीच कॉपी, तीच तपासणी. संगणकावरची प्रत तिथेच राहू द्या.

संगणक नसेल तर ओटीजी कार्ड रीडर आणा. तो फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसतो. नवं कार्ड फोनमध्ये ठेवा आणि जुनं रीडरमध्ये, उलट नको. रीडरची जोडणी हलून सुटू शकते; अशा वेळी ज्यावरून फक्त वाचलं जातंय ते कार्ड तिथे असलेलं चांगलं. ओप्पो, रियलमीसारख्या फोनमध्ये सेटिंग्जमधून 'ओटीजी' आधी चालू करावं लागतं, आणि काही काळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. फाइल मॅनेजरमध्ये एका वेळी ४-५ जीबीपेक्षा जास्त निवडू नका, आणि तोवर फोनची बॅटरी निम्म्याहून जास्त असू द्या, कारण भोक अडलेलं असल्याने चार्जर लावता येत नाही.

बसवणं

फोन बंद करा. बऱ्याच फोनमध्ये चालू असतानाही ट्रे काढता येतो, पण सिमही त्याच ट्रेमध्ये असतं आणि लिहिणं चालू असताना कार्ड निघालं तर मांडणी बिघडते. सिमची पिन ट्रेशेजारच्या भोकात सरळ घालून दाबा. तिथल्यासारखंच बारीक भोक माइकचंही असतं. त्यात पिन घातली तर माइक बिघडू शकतो. ट्रेच्या रेषेत जे भोक आहे तेच आपलं.

ट्रे आडवा, हातावर न घेता टेबलावर बाहेर काढा, म्हणजे सिम घरंगळणार नाही. काही फोनमध्ये दोन सिम आणि कार्ड अशा तीन जागा असतात. काहींत दुसरी जागा सिम किंवा कार्ड यांपैकी एकालाच मिळते. ट्रेवर कोरलेला आकार बघून कार्ड ठेवा. ते सपाट बसलं तरच बरोबर. वर उचललेलं राहिलं तर जोर लावू नका. आतल्या बारीक पितळी पिना वाकल्या की पुढे कुठलंच कार्ड दिसत नाही, आणि ते काम दुरुस्तीवाल्याकडेच होतं. पाणी न शिरणाऱ्या फोनच्या ट्रेला रबराची कड असते. ती जागेवर आहे का बघा. पावसाळ्यात ओल्या हाताने हे करू नका.

कार्डावर नाव लिहिलेली चिकटपट्टी लावू नका. तेवढ्या जाडीनेही कार्ड खाचेत अडकतं आणि ओढताना पट्टी आतच राहते.

बसवल्यावर

कॅमेरा उघडून सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज लोकेशन' पुन्हा एसडी कार्ड करा. कार्ड निघालं की फोन ही निवड बदलून स्वतःच्या मेमरीवर आणतो, आणि महिनाभराने फोन भरल्यावरच ते लक्षात येतं.

प्रत्येक कार्डाला फॉरमॅट होताना स्वतःचा क्रमांक मिळतो आणि फोन कार्डावरचा पत्ता त्या क्रमांकानेच धरतो. म्हणून फाइल सगळ्या असल्या तरी गाण्यांच्या ॲपमधल्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसू शकतात. फाइल मॅनेजर आणि रेकॉर्डरसारखी ॲप्स कार्डासाठी परवानगी नव्याने मागतात. ती द्या, प्लेलिस्ट पुन्हा लावा. गाणी गेलेली नसतात.

व्हॉट्सॲप कार्डावर हलवता येत नाही. त्याचे फोटो-व्हिडिओ फोनच्या मेमरीतच उतरतात. फोन त्यानेच भरत असेल तर मोठं कार्ड घेऊन प्रश्न सुटणार नाही. महिन्यातून एकदा तिथले ठेवण्यासारखे फोटो कार्डावर कॉपी करा आणि मग व्हॉट्सॲपमधूनच मोठ्या फाइली काढा.

शेवटी पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, फोन बंद करून चालू करा आणि तो शेवटपर्यंत बघा.

कार्ड दिसत नाही, किंवा 'करप्ट' म्हणतं

कार्ड काढून कोरड्या मऊ कापडाने सोनेरी पट्ट्या पुसा आणि पुन्हा बसवा. दुसऱ्या फोनमध्ये किंवा रीडरमध्ये बघा. तिथे दिसलं तर दोष ट्रेचा किंवा फोनचा. मोठ्या ॲडॅप्टरमधून संगणकात घालताना 'राइट प्रोटेक्टेड' आलं तर ॲडॅप्टरच्या कडेची छोटी सरकपट्टी बहुधा 'लॉक'वर गेलेली असते. ती वर सरकवा.

फोटो असलेल्या कार्डावर 'टॅप टू फिक्स' किंवा 'फॉरमॅट' असं आलं तर थांबा. त्या कार्डावर काहीही न लिहिता संगणकावर फोटोरेक या मोफत प्रोग्रामने फाइल काढून बघा, आणि निघालेल्या फाइल संगणकावरच साठवा. डिलीट झालेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा सापडते. फोटोरेक फाइलींची मूळ नावं देत नाही, पण फोटो देतो.

बटणांचा फोन

आई-वडिलांच्या बटणांच्या फोनमध्ये कार्ड बहुधा बॅटरीखाली असतं. फोन बंद करून बॅटरी काढा. धातूची झडप असेल तर ती आधी सरकवून मगच उचला. सरळ ओढली तर तुटते. अनेक बटणांचे फोन ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात. मोबाईल शॉपीत भजनं-अभंग भरून घेताना 'जुनं पुसून नवं भरून द्या' म्हणू नका. जुन्या कार्डावरची गाणी नव्यावर उतरवून वर नवी भरायला सांगा. जुन्या भरणीतली काही कीर्तनं पुन्हा मिळत नाहीत.

जुन्या कार्डाचं काय

महिनाभर ते कागदाच्या छोट्या पाकिटात तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा. वर्षानुवर्षांचा साठा म्हणून त्यावर विसंबू नका. विजेशिवाय पडलेल्या फ्लॅश मेमरीतला भार हळूहळू उतरतो. दुसऱ्याला द्यायचं असेल तर फोनमधला झटपट फॉरमॅट पुरत नाही, कारण फोटो परत काढता येतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढा, म्हणजे संपूर्ण कार्डावर शून्यं लिहिली जातात. खराब झाल्यामुळे पुसता येत नसेल तर कार्ड मधोमध कात्रीने कापून ई-कचऱ्यात द्या.